रुमालाखालचा क्रमांक आणि पडेगावचा दुकानदार

औरंगाबाद शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर करण्यास केंद्र शासनाची संमती २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात विभाग, जिल्हा आणि तालुका यांच्या नामांतराची अधिसूचना निघाली. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या निर्णयाविरुद्धच्या याचिका फेटाळून लावल्या. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचे नावही बदलले. नामांतराच्या योग्यायोग्यतेविषयी दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून आणि बोलून झाले आहे. त्या वादात भर घालण्याचा येथे हेतू नाही. परंतु या साऱ्या चर्चेत एका वर्गाचा विचार फारसा झालेला दिसत नाही. ज्यांचे गिऱ्हाईक आता मोबाईलच्या पडद्यावर गावाचे नाव टाकून दुकान शोधते, अशा छोट्या दुकानदारांचा आणि कारागिरांचा हा वर्ग आहे. दप्तरातले नाव एका अधिसूचनेने बदलता येते. गिऱ्हाइकाच्या बोटांत बसलेले नाव तसे बदलत नाही.

छावणी ओलांडून दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला लागले की पडेगाव येते. एके काळी शहराबाहेरचे खेडे असलेली ही वस्ती आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. नव्या वसाहतींतील कुटुंबे, बदलून आलेले कर्मचारी, भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी आणि वेरूळकडे जाणारे प्रवासी, असे येथील गिऱ्हाईक आहे. गाव लहान होते तेव्हा सुतार कोण आणि लोहार कोण हे कोणाला विचारावे लागत नव्हते. आता नळदुरुस्तीचा माणूस हवा असो, लोखंडी जाळी करणारा हवा असो की पंगतीचा आचारी हवा असो, माणूस प्रथम खिशातला मोबाईल काढतो. त्या शोधात जे नाव वर येते त्याला काम मिळते. जे खाली राहते त्याला काम तर मिळत नाहीच, पण ते का मिळाले नाही हेही कळत नाही. दुकानाच्या पायरीवरून परत गेलेले गिऱ्हाईक डोळ्यांना दिसते. पडद्यावरून परत गेलेले दिसत नाही. या अदृश्य नुकसानीचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नावाचा गुंता

या भूमीला नावे बदलण्याची सवय जुनीच आहे. देवगिरीचे दौलताबाद झाले आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तेथे राजधानी आणली. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली. तिचे पुढे फत्तेनगर आणि मग औरंगाबाद झाले. परंतु त्या काळी व्यापाऱ्याचे पोट गावाच्या नावावर अवलंबून नव्हते. गिऱ्हाईक चालत पेठेत येई, आणि पेठ जागची हलत नसे. आज पेठेपर्यंत पोहोचण्याची वाट नावातून जाते.

मोठ्या शोधयंत्रांना जुने आणि नवे नाव एकाच शहराचे आहे हे उमगले आहे, हे खरे. अडचण शहराच्या पातळीवर नाही, दुकानाच्या पातळीवर आहे. एकाच दुकानाचा पत्ता जुन्या सूचीत औरंगाबाद, नकाशात संभाजीनगर, बिलावर छत्रपती संभाजीनगर आणि एखाद्या व्यापारी यादीत जुन्याच दूरध्वनी क्रमांकासह असा चार ठिकाणी चार तऱ्हांनी पडलेला असतो. माणसाला हे चारही एकच आहेत हे क्षणात कळते. यंत्राला ते एक की अनेक याची शंका येते. कधी एकाच दुकानाच्या दोन नोंदी तयार होतात आणि ग्राहकांनी दिलेले अभिप्राय दोहोंत वाटले जातात. त्यात औरंगाबाद नावाचा दुसरा जिल्हा १९७३ पासून बिहारात आहे. पडेगावची गत तर आणखी मौजेची. सातारा जिल्ह्यात फलटण तालुक्यात पाडेगाव आहे आणि तेथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून प्रसिद्ध आहे. देवनागरीत एका कान्याने ही दोन गावे वेगळी राहतात. रोमन लिपीत मात्र दोघांचे स्पेलिंग एकच होते. आपल्या लिपीचा एक कानादेखील बाजारात पैशाच्या मोलाचा असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

शोधण्याचाही खर्च असतो

अर्थशास्त्रात बराच काळ असे गृहीत धरले जाई की, बाजारात कोणता माल कोणाकडे आणि किती किमतीला मिळतो हे सर्वांना ठाऊक असते. १९६१ मध्ये शिकागोचे जॉर्ज स्टिग्लर यांनी या गृहीतकाला धक्का दिला. माहिती फुकट मिळत नाही. ती मिळविण्यासाठी वेळ आणि श्रम खर्च होतात. आणि आणखी एक दुकान पालथे घालण्याचा लाभ त्या खटाटोपाहून कमी वाटू लागला की ग्राहक शोध थांबवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी त्याला जोड दिली. मालाचा दर्जा ग्राहकाला आधी कळत नसेल, तर चांगल्या आणि वाईट मालाला सारखाच भाव येतो आणि चांगला विक्रेताच हळूहळू बाजारातून बाहेर पडतो. १९७१ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी माहितीच्या सुकाळात माणसाच्या अवधानाचाच दुष्काळ पडतो हे दाखवून दिले. तिघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले.

या तीन विचारांची सांगड घातली म्हणजे शोधयंत्राचे सामर्थ्य ध्यानात येते. ते ग्राहकाचा शोधखर्च जवळजवळ शून्यावर आणते. परंतु ग्राहकाचे अवधान तोकडे असल्यामुळे तो वरच्या चार-पाच नावांपुढे सहसा जात नाही. म्हणजे ज्याच्या हाती क्रम लावण्याचा अधिकार, त्याच्या हाती बाजाराची चावी. आणि दर्जा आधी कळत नसल्यामुळे वरचा क्रमांक हाच दर्जाचा दाखला मानला जातो. कसबी सुतार खाली राहिला आणि वरवरचे काम करणारा वर आला, तर नुकसान एकट्या सुताराचे होत नाही. ज्याच्या घरातले दार सहा महिन्यांत वाकडे होते त्याचेही होते.

क्रमांक ठरतो कसा

हा क्रम लावण्याची मूळ कल्पना शिक्षकवर्गाला सहज समजेल अशी आहे. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी ती मांडली. एखाद्या संशोधन निबंधाचे महत्त्व आपण त्याचा उल्लेख इतर किती आणि कोणत्या निबंधांत झाला यावरून जोखतो. त्याच न्यायाने एखाद्या संकेतस्थळाकडे इतर कोणती प्रतिष्ठित संकेतस्थळे बोट दाखवितात, यावरून त्याचे वजन ठरवावे, अशी ती कल्पना. यंत्र अखंड फिरून पाने वाचते, ग्रंथालयातील विषयसूचीप्रमाणे त्यांची सूची करते आणि प्रश्न विचारला जाताच त्या सूचीतून क्रमाने उत्तरे काढून देते. पुढे या एका निकषाला असंख्य निकष जोडले गेले. पण मूळ धागा परीक्षेचाच राहिला.

याच दोघांनी त्या वर्षीच्या आपल्या निबंधाच्या परिशिष्टात एक इशाराही देऊन ठेवला होता. जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच ग्राहकांच्या गरजेकडून जाहिरातदारांच्या बाजूला झुकेल, असा त्याचा आशय होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, म्हणजे २००० मध्ये, त्यांच्या गूगल कंपनीने शोधाच्या उत्तरांशेजारी जाहिराती विकण्याची योजना सुरू केली, आणि आज त्या कंपनीचे बहुतांश उत्पन्न जाहिरातींतून येते. इशारा देणाऱ्यांनीच त्या इशाऱ्याचे प्रात्यक्षिक करावे, असे इतिहासात क्वचित घडते.

परिसरातील दुकानांच्या बाबतीत कंपनी आपले निकष ढोबळपणे जाहीर करते. विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा कितपत संबंध आहे, ते किती अंतरावर आहे आणि त्याची ख्याती किती आहे, हे ते तीन निकष. पैसे देऊन या यादीतील क्रमांक सुधारता येत नाही, असेही ती सांगते. जाहिरातीची जागा निराळी असते. ती लिलावाने विकली जाते आणि तिच्यावर तशी खूण असते. पडेगावच्या दुकानदाराने हा फरक प्रथम समजून घेतला पाहिजे. जाहिरात ही भाड्याची जागा आहे. भाडे थांबले की जागा गेली. दुसऱ्या यादीतील स्थान कमवावे लागते, आणि ते काही काळ टिकते.

रुमाल टाकून धरलेली जागा

येथेच दलालाचा प्रवेश होतो. 'हमखास पहिला क्रमांक' असे आश्वासन देणारे संदेश आणि दूरध्वनी आज बहुतेक छोट्या व्यावसायिकांना येतात. आगाऊ रक्कम घेतली जाते आणि काही आठवड्यांनी आलेख व आकड्यांचा एक अहवाल पाठविला जातो. वस्तुतः पहिल्या क्रमांकाची हमी कोणालाही देता येत नाही, असे खुद्द कंपनीच्या मार्गदर्शनात म्हटले आहे. सुधारणेचे फळ दिसण्यास सामान्यतः चार महिने ते एक वर्ष लागते, असेही तेथे नमूद आहे. प्रामाणिकपणे काम करणारे तंत्रज्ञ या क्षेत्रात आहेत, आणि त्यांची ओळख हीच की ते हमी देत नाहीत.

हमी देणाऱ्यांची साधने ठरलेली आहेत. भलत्याच संकेतस्थळांवरून विकत घेतलेली शिफारस, एकच शब्द शंभर वेळा घुसडलेला मजकूर आणि न आलेल्या गिऱ्हाइकांचे स्तुतिपर अभिप्राय. २०११ आणि २०१२ मध्ये गूगलने आपल्या पद्धतीत मोठे फेरबदल करून अशा मजकुराला आणि विकतच्या शिफारशींना खाली ढकलण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून या मार्गाने वर चढलेली नावे एके दिवशी एकदम खाली येतात, आणि तोवर दलाल दुसऱ्या दुकानात गेलेला असतो. खोट्या अभिप्रायांबाबत भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. पण फसव्या जाहिरातींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा धाक आहे, हे विसरता कामा नये.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात एक अधिक खोल दोष आहे. पिकाचे उत्पादन वाढविता येते, कापडाचे वाढविता येते. रांगेतील पहिल्या क्रमांकाचे उत्पादन वाढविता येत नाही. फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये अशा वस्तूंना स्थाननिष्ठ वस्तू म्हटले आणि त्यांच्या मागे लागलेल्या समाजाचा खर्च कसा वाया जातो ते दाखविले. आपल्याला त्यासाठी परदेशी ग्रंथाची गरज नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची पद्धत आपण सर्वांनी पाहिली आहे. एकाने रुमाल टाकला तर त्याला जागा मिळते. सर्वांनी टाकले तर गाडीतील बाके तेवढीच राहतात. फायदा फक्त रुमाल विकणाऱ्याचा होतो. पडेगावातील दहा फर्निचरवाल्यांनी दहा दलाल नेमले, तर पहिला क्रमांक एकालाच मिळणार आणि पैसे मात्र दहाही जणांचे जाणार.

दुकानदाराच्या हातचे उपाय

मग छोट्या दुकानदाराने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. त्याच्या हाती बरेच काही आहे, आणि ते बहुतांशी बिनखर्चाचे आहे. त्यातून मिळणारा लाभ मोठ्या दुकानाला पैशाने सहजी विकत घेता येत नाही.

पहिली गोष्ट नावाची. दुकानाचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सर्वत्र एकाच तऱ्हेने लिहिलेले असावेत. शहराचे आजचे अधिकृत नाव द्यावे आणि मजकुरात एकदा 'पूर्वीचे औरंगाबाद' असा उल्लेख करावा. जुन्या सवयीने शोधणाराही मग योग्य दारी येतो. जुन्या सूच्यांतील शिळ्या नोंदी शोधून दुरुस्त कराव्यात. दुकानाच्या नावातच 'स्वस्त', 'उत्तम', 'पडेगाव', 'संभाजीनगर' अशी शब्दांची माळ गुंफण्याचा मोह टाळावा. ते नियमाविरुद्ध आहे आणि नोंद स्थगित होण्याचे कारण ठरू शकते.

दुसरी गोष्ट मजकुराची. आपल्याकडे संकेतस्थळ करताना छापखान्यातील जुन्या मराठी फाँटमधला मजकूर तसाच उचलला जातो, किंवा दरपत्रकाचे छायाचित्र चिकटवून काम उरकले जाते. त्या जुन्या फाँटमध्ये डोळ्यांना मराठी दिसत असले तरी आत साठविलेली अक्षरे रोमन असतात, त्यामुळे यंत्राला तेथे केवळ निरर्थक अक्षरांची गर्दी सापडते. चित्रातील अक्षरांचाही भरवसा नसतो. युनिकोडमध्ये टाईप केलेला साधा मजकूर हाच खरा मजकूर. त्यात गिऱ्हाईक जे प्रत्यक्ष विचारते त्याची उत्तरे असावीत. दुकान किती वाजता उघडते, सुटी कोणत्या वारी, खिडकीच्या जाळीला चौरस फुटाला साधारण काय पडते, माप घ्यायला घरी येता काय, मिटमिट्यापर्यंत येता की दौलताबादपर्यंत? प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र पान असावे आणि त्या पानाचे शीर्षक त्या कामाचे असावे. पान साध्या मोबाईलवर चटकन उघडले पाहिजे. छायाचित्रे स्वतःच्या कामाची हवीत. मुंबई-पुण्याच्या चकचकीत नमुन्यावरून उतरविलेल्या दहा ओळींपेक्षा पडेगावच्या एका जिन्याचे खरेखुरे वर्णन अधिक उपयोगी पडते, कारण ते दुसऱ्या कोणाकडे नसते.

तिसरी गोष्ट साक्षीची. काम झालेल्या गिऱ्हाइकाला 'चार ओळी लिहा' असे म्हणण्यात संकोच नसावा. मात्र त्यासाठी सूट वा पैसे देऊ नयेत. टीका आली तर शांतपणे उत्तर द्यावे. ज्या शाळेची बाके केली, ज्या वसतिगृहाला डबे पुरविले, ज्या व्यापारी संघाचे सभासद आहोत, त्यांच्या संकेतस्थळावर आपला उल्लेख असेल, तर ती शिफारस खऱ्या संबंधातून आलेली असते आणि तिचे वजन पडते.

चौथी गोष्ट मालकीची. गूगलने छोट्या व्यावसायिकांना फुकट संकेतस्थळे करून देण्याची सोय ठेवली होती. मार्च २०२४ मध्ये ती संकेतस्थळे बंद करण्यात आली. ज्यांनी आपले सारे बस्तान त्या फुकटच्या जागेवर मांडले होते त्यांना दुसरी जागा शोधावी लागली. दुसऱ्याच्या अंगणात मांडव घातला तर तो काढण्याचा दिवस आपण ठरवीत नाही. शक्य असेल त्याने स्वतःच्या नावाने नोंदलेला पत्ता घ्यावा. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीतील '.भारत' हा पत्ताही मिळू लागला आहे आणि मराठी ही त्यातील पहिल्या भाषांपैकी एक आहे.

येथे मराठीच्या प्रश्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. मार्च २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत तिचे पालन करण्यास सांगितले. पाट्यांसाठी एवढा झगडा झाला. परंतु त्याच दुकानांच्या संकेतस्थळावर मराठीचा एक परिच्छेद नसतो. रस्त्यावरची पाटी रस्त्यावरून जाणारा वाचतो. पडद्यावरची पाटी सारे शहर वाचते. इंग्रजीत शोधणाऱ्यांच्या गर्दीत पडेगावच्या दुकानाला मोठ्या शहरांतील मोठ्या संस्थांशी झुंजावे लागते. मराठीत त्या मानाने मजकूर थोडा आहे, म्हणून स्पर्धाही थोडी आहे. भाषेचे प्रेम आणि धंद्याचा हिशेब यांची दिशा एकच असण्याचा हा दुर्मिळ योग आहे.

कारंज्याचा धडा

एवढे सारे केल्यानंतरही एक प्रश्न शिल्लक राहतो. दुकानदाराने परीक्षेची तयारी केली; पण परीक्षकाची परीक्षा कोण घेणार?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी वऱ्हाडात जावे लागते. जुन्या बाजारात कापसाचा आणि धान्याचा भाव हत्ता पद्धतीने ठरे. अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून भावाची बोली करीत आणि शेतकरी शेजारी उभा राहून त्या रुमालाकडे पाहत असे. माल त्याचा, घाम त्याचा. पण भाव कसा ठरला हे त्यालाच कळत नसे. १८८६ मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंजा येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी त्याचा कायदा झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस हवा होता हे त्यामागचे एक कारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बाजाराला नियम असावेत हे तत्त्व एकदा मान्य झाले ते झाले. निजामी राजवटीत, म्हणजे आपल्या मराठवाड्यातही, १९३० मध्ये बाजारांचा कायदा आला आणि महाराष्ट्राने १९६३ चा अधिनियम केला. नियंत्रित बाजारांनी रुमाल काढून घेतला आणि उघड लिलाव आणला. बाजार समित्यांत पुढे जे दोष शिरले ते सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांच्यामुळे रुमाल परत आणावा असे कोणी म्हटलेले नाही.

शोधयंत्राचा क्रमांक हा आजचा रुमालाखालचा भाव आहे. कंपनी ढोबळ निकष सांगते. प्रत्यक्षात कोणाला किती गुण मिळाले आणि का, हे सांगत नाही. परीक्षक स्वतःच परीक्षेला बसतो तेव्हा काय होते, याचे पुरावे न्यायासनांपुढे आलेले आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधाच्या उत्तरांत आपल्याच विमानप्रवास सेवेला ठळक जागा दिल्याबद्दल आणि अन्य कारणांसाठी गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याआधी जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने किमतींची तुलना करणाऱ्या आपल्या सेवेला झुकते माप दिल्याबद्दल २४२ कोटी युरोंचा दंड केला होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने तो कायम ठेवला. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या बाजारातील आपली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली, असा निर्णय दिला.

हे सर्व खटले मोठ्यांचे मोठ्यांशी होते, आणि निकाल लागेपर्यंत वर्षे लोटली. पडेगावच्या वेल्डिंगवाल्याची नोंद एके दिवशी सूचीतून स्थगित झाली, तर त्याच्या हाती पडद्यावरील एक अर्ज असतो. बाजार समितीच्या सचिवासमोर जाऊन उभे राहावे, तसे कोणासमोर उभे राहण्याची सोय त्याला नाही. दंड झाल्यावर त्याचे बुडालेले दिवस परत येत नाहीत. म्हणूनच नुकसान होण्याआधी बंधने घालणाऱ्या नियमांची आवश्यकता आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेला डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा याच तत्त्वावर आधारलेला होता.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो बिनतोड वाटतो. क्रम लावण्याचे सूत्र उघड केले तर फसविणारे त्याचा गैरफायदा घेतील, म्हणून गुप्तता ग्राहकाच्याच हिताची आहे, असा तो आक्षेप आहे. त्यात तथ्य आहे. प्रश्नपत्रिका परीक्षेआधी फोडावी असे कोणी म्हणत नाही. परंतु प्रश्नपत्रिका गुप्त असली तरी परीक्षेचे नियम छापील असतात, गुणपत्रिका मिळते, फेरतपासणीचा अर्ज करता येतो आणि विद्यापीठ स्वतःच्या मुलाला गुण वाढवून देत नाही ना, यावर देखरेख असते. इतकेच येथेही हवे आहे. नोंद काढताना लेखी कारण, ठराविक मुदतीत आणि मराठीत सुनावणी, जाहिरातीवर स्पष्ट खूण आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून ठराविक काळाने तपासणी. यातील कोणत्याही मागणीने सूत्र फुटत नाही.

शासनाचे आणि सुशिक्षितांचे काम

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. नामांतराचा निर्णय शासनाचा होता. त्याच्या आनुषंगिक खर्चाचा भार एकट्या दुकानदाराने का वाहावा? महानगरपालिका आणि जिल्हा प्रशासनाने वसाहती, रस्ते, वॉर्ड आणि गावे यांची जुनी व नवी नावे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात प्रसिद्ध करावीत. पडेगाव आणि पाडेगाव यांचा घोळ अशाने मिटेल. १९७८ पासून चालत आलेल्या जिल्हा उद्योग केंद्राच्या योजनेला या काळात हे नवे काम द्यावे: छोट्या व्यावसायिकांच्या नोंदी दुरुस्त करून देणे आणि दलालांच्या आश्वासनांविषयी सावध करणे. कर्ज मिळवून देणे जितके आवश्यक, तितकेच कर्ज काढून उघडलेले दुकान गिऱ्हाइकाला सापडणे आवश्यक आहे.

आणि हे पान वाचणाऱ्या शिक्षक, कर्मचारी व विद्यार्थी वर्गाचाही यात भाग आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी कुठल्या तरी परदेशी कंपनीची माहिती उतरवून काढण्यापेक्षा आपल्या रस्त्यावरील पाच दुकानांच्या नोंदी तपासाव्यात, पत्ते दुरुस्त करावेत, मराठी मजकूर युनिकोडमध्ये लिहून द्यावा. त्याला बाजार कळेल आणि दुकानदाराला गिऱ्हाईक मिळेल. आपण स्वतः ज्याच्याकडून चांगले काम करून घेतले त्याच्याविषयी दोन खऱ्या ओळी लिहिणे, हेही एक नागरी कर्तव्यच मानावयास हवे. अकरलॉफ यांनी दाखविलेल्या रोगावर, म्हणजे चांगला विक्रेता बाजारातून हाकलला जाण्यावर, खऱ्या साक्षीसारखे स्वस्त औषध नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतात गूगलच्या शोधात इंग्रजी व हिंदी प्रश्नांना यंत्राने तयार केलेली सारांशरूप उत्तरे सर्वांत वर येऊ लागली. अशा उत्तरात कोणाचे नाव यावे हे शेवटी यंत्राने कोठे काय वाचले त्यावरच ठरते. आपल्या गावाविषयी आपण आपल्या भाषेत काही लिहिलेच नाही, तर दुसऱ्याने लिहिलेले तेवढे खरे मानले जाईल.

पडेगावातील कोणत्याही किराणा दुकानात गेलो तर तेथील काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का असतो, आणि ठराविक मुदतीने तो काटा पुन्हा तपासला जातो. दुकानदार त्याविरुद्ध तक्रार करीत नाही. माल चोख ठेवणे आपले काम आणि काटा तपासणे समाजाचे काम, ही वाटणी त्याने मान्य केलेली आहे. आता त्याच दुकानदाराचे वजन दुसऱ्या कोणाच्या काट्यावर रोज होत आहे. तो काटा त्याला दिसत नाही आणि त्यावर कोणाचाही शिक्का नाही. दुकानदाराने आपला माल आणि आपला पत्ता चोख ठेवावाच. पण त्या काट्यावर शिक्का मारून घेण्याची जबाबदारी आपणा सर्वांची आहे.